परक्या गावात मांडलेला संसार

आपल्या मराठी वाङ्मय मंडळाने या अंकाचा विषय 'परदेश' असा ठरवला, तेव्हा बैठकीत बहुतेकांनी जर्मनीला शिकायला गेलेला दादा, दुबईतला मामा, कॅनडातली मावशी अशी यादी सुरू केली. मी म्हटलं, मी मिशनऱ्यांवर लिहिते. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "म्हणजे धर्मांतर?" आणि त्याच्या शेजारची लगेच म्हणाली, "म्हणजे सेवा!" पुढची वीस मिनिटं त्या दोघांतच गेली, चहा गार झाला, आणि माझा विषय न विचारताच मंजूर झाला.

मला खरं तर या दोन्ही शब्दांच्या अलीकडचं लिहायचं होतं. एखादा माणूस आपला देश सोडून दुसऱ्याच्या खेड्यात राहायला येतो, तेव्हा पहिल्या दिवशी पाणी कुठून आणतो? मीठ संपलंय हे कोणत्या भाषेत सांगतो? रात्री ताप चढला तर कोणाला हाक मारतो? आपल्याला अमेरिका, स्पेन, आयर्लंड परदेश वाटतात. पण तिकडून आलेल्यांसाठी नगरजवळचं वडाळा, मनमाड, व्यारा, आहवा हाच परदेश होता, आणि आपण सगळे परदेशी!

मी मूळची सुरतेची, उधन्याची. आजोबा नंदुरबारकडून मिलच्या कामासाठी आले आणि तिथलेच झाले. आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई बसते, घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती. त्यामुळे परक्या मुलखात भाषेच्या पायी माणसाची कशी फजिती होते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आजोबांचा किस्सा आमच्याकडे दर दिवाळीला सांगितला जातो. सुरतेत नवे असताना शेजारच्या दुकानदाराने त्यांना आदराने विचारलं, "काका, नवरा छो?" आजोबांनी आजीकडे बोट दाखवून सांगितलं, "हो, हिचा." गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, मोकळा. बिचारा नुसतं विचारत होता की वेळ आहे का, जरा गाठोडं उचलू लागाल का.

तर सुरतेपासूनच सुरुवात करते, कारण गोष्ट तिथूनच निघते. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचं सर्वात मोठं बंदर होतं आणि इंग्रज, डच, फ्रेंच व्यापाऱ्यांबरोबर पाद्रीही तिथे राहत. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली हे आपण सगळे चौथीपासून वाचत आलो. पण त्या दिवसांत इंग्रजांच्या वखारीत एस्कालिऑट नावाचा पाद्री होता, आणि त्याने ही लूट संपल्यावर थोड्याच दिवसांत इंग्लंडला लांबलचक पत्र लिहून सगळी हकिगत कळवली, हे मला कॉलेजात आल्यावर समजलं. त्याच शहरात फादर अँब्रोज हा कॅपुचिन संन्यासी राहत होता. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की महाराजांनी त्याच्या घराला हात लावू दिला नाही. हे फिरंगी पाद्री भली माणसं आहेत, असं म्हणाले. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मला मात्र त्या फादर अँब्रोजचा विचार सुटत नाही. शहर पेटलंय, धूर येतोय, आणि हा माणूस दाराआड बसलाय. आपलं घर वाचणार आहे हे त्याला कुठे माहीत होतं? 'भला माणूस' हे नाव त्याने त्याआधीच्या कितीतरी वर्षांत गल्लीबोळांतून फिरून कमावलं असणार, आणि कमवत असताना त्याचा असा काही उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

आता भाषेकडे वळते, कारण मिशनऱ्यांच्या फजित्यांतला निम्म्याहून मोठा वाटा तिचाच.

१८१५मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायव्ही सुरतेत आले. गुजराती शिकायची तर हाताशी ना शब्दकोश, ना धड व्याकरण. मुनशी किंवा पंडित पगारावर ठेवायचा, समोर बसवायचा आणि वस्तूकडे बोट दाखवून 'हे काय' विचारायचं. यात पहिला घोटाळा असा की बोट दाखवल्यावर समोरचा वस्तूचं नाव सांगतोय, रंग सांगतोय की 'बोट' म्हणतोय हेच कळत नाही! तरी दोघांनी नेटाने काम केलं. पाच-सहा वर्षांत त्यांचा गुजराती नवा करार सुरतेतच छापून निघाला. स्किनर १८२१मध्ये वारला. जेमतेम सहा वर्षं त्याला इथे मिळाली. पुढे १८४६मध्ये हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे आलं आणि सुरतेचं मिशन प्रेस गुजराती पुस्तकांसाठी नावाजलं गेलं.

मराठीची गोष्ट थोडी वेगळी. विल्यम केरीने १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, पण ते बंगालात बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. मोल्सवर्थचा कोश १८३१चा. म्हणजे १८१३मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना पहिली अठरा वर्षं तो कोश नव्हताच.

आणि कोश मिळाला तरी उच्चार कोण देणार? इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडात आपला 'त' आणि 'ट' एकच होतो, 'ल' आणि 'ळ' एकच, 'न' आणि 'ण' एकच. आता तुम्हीच बघा, 'पाटील काल आला' आणि 'पाटलाचा काळ आला' यांत अंतर किती! 'मला द्या' म्हणायचं आणि 'मळा द्या' असं ऐकू जायचं. वेळ विचारायला गेलं की वेल, बाळाचं कौतुक करायला गेलं की बाल. त्यात गुजरातीची आणखी गंमत अशी की तिथे 'काल' म्हणजे आदला दिवसही आणि पुढचा दिवसही. नुसता 'काल' ऐकून सुतार येऊन गेला की यायचाय, ते क्रियापदापर्यंत थांबल्याशिवाय समजत नाही. नवख्याला तेवढा धीर कुठला?

आदरार्थी बहुवचन हा आणखी एक सापळा. इंग्रजीत एकच 'यू', त्यामुळे पाटलाला 'तू' आणि कुत्र्याला 'आपण' असं होणं साहजिक आहे. लोक हसत. पण हसणं तेवढ्यावर थांबलं तर बरं, कारण गावात ज्येष्ठ माणसाला भर चावडीत 'तू' म्हटलं तर पुढे महिनाभर कोणी बोलायला येत नाही. म्हणूनच पुढे मिशनांनी रीतच घातली: नव्या माणसाने पहिली एक-दोन वर्षं भाषाच शिकायची, परीक्षा द्यायची, मगच कामाला लागायचं. आपल्याकडच्या बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही अशी परीक्षा असावी, हे माझं मत. (आमच्या घरी हे मत फक्त मलाच आहे.)

या सगळ्यांचा आजोबा शोभेल असा एक जण मात्र आपल्या भाषेतच मुरून गेला. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९मध्ये गोव्यात आला. साष्टीच्या खेड्यांत राहिला आणि १६१६मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून आलं, सुमारे अकरा हजार ओव्या. १६१९मध्ये तो गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. आपण त्याच्यावर मराठीच्या पेपरात दहा मार्कांचं उत्तर लिहितो आणि 'ग्रंथकर्तृत्व' म्हणून मोकळे होतो. पण गावात बसून पुराण ऐकल्याशिवाय कोणाला ओवी येत नाही. म्हणजे संध्याकाळी, डास चावत असताना, न समजणारी भाषा तासन्‌तास ऐकत बसणं आलं. ते त्याने केलं असणार.

फजितीवर हसून झालं. आता अशी एक गोष्ट सांगते जिच्यात हसण्यासारखं काही नाही.

गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३च्या फेब्रुवारीत सॅम्युअल नॉटबरोबर मुंबईत पोचला. त्याआधी कलकत्त्याला कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. मुंबईतही तेच. इंग्लंडला पाठवतील या भीतीने दोघे एका जहाजाने कोचीनला निसटले आणि तिथून पुन्हा पकडून मुंबईला आणले गेले. पुढे परवानगी मिळाली. तेरा वर्षं हॉलने मुंबईत काढली, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतराचं काम केलं.

त्या काळी मिशनऱ्यांची पद्धत अशी, की पावसाळा सरला की होळीपर्यंत खेड्यांतून दौरे करायचे. बैलगाडी किंवा तट्टू, कधी पायीच. तंबू असला तर तंबू, नाहीतर धर्मशाळा, चावडी, देवळाची ओसरी. मार्च १८२६मध्ये हॉल असाच दौऱ्यावर नाशिकला पोचला तर तिथे पटकी पसरलेली. जवळ होतं ते औषध त्याने लोकांना वाटून टाकलं. त्या काळचं औषध तरी काय, तर अफूचा अर्क आणि कॅलोमेल. पटकी पाण्यातून पसरते हे कोणालाच माहीत नव्हतं, तिचा जंतू दाखवून द्यायला रॉबर्ट कॉख यायचा होता आणि त्याला अजून जवळपास साठ वर्षं होती. परतीच्या वाटेवर दोडी-धापूर या गावी तो रात्री देवळाच्या ओसरीवर निजला. पहाटे त्यालाच पटकीने गाठलं आणि २० मार्चला दुपारपर्यंत सगळं संपलं. वय ४१. बरोबर फक्त दोन तरुण पोरं. त्यांनी कशीबशी जागा मिळवली आणि पेटीशिवायच त्याला पुरलं.

हे गाव सिन्नरकडचं. मी हे वाचलं तेव्हा सर्वात आधी त्या दोन मुलांचा विचार आला. परक्या गावात, परक्या माणसाचं प्रेत, पटकीचं भय, आणि जागा मागत दारोदार फिरायचं. त्यांना जागा कोणी दिली, काय सांगून दिली? त्याच गावच्या देवळाने मरणाऱ्याला आसरा दिला होता, हेही तितकंच खरं.

असे अकाली मृत्यू खूप झाले. आयरिश मिशनचे पहिले दोघे, जेम्स ग्लासगो आणि अलेक्झांडर केर, १८४१मध्ये राजकोटला आले. केर काही महिन्यांतच वारला. ताप दुष्ट हवेने येतो असं समजत, म्हणून रात्री खिडक्या बंद करून घेत. डासाचा हिवतापाशी संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवला तो १८९७मध्ये. तोवर क्विनाइन आणि नशीब, एवढ्यावरच भिस्त.

आता माझ्या ओळखीच्या मुलखाकडे येते. १८९४मध्ये अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रदरेन या पंथाचे विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन मुंबईत उतरले आणि पुढच्या वर्षी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, राहू लागले. साधी, शेतकरी वळणाची माणसं. मागून आणखी आले आणि व्यारा, अंकलेश्वर, डांगातलं आहवा, इकडे डहाणू अशी ठाणी पडली. एकाच मिशनला दोन भाषा: वलसाडकडच्याने गुजराती शिकायची, डहाणूकडच्याने मराठी. आणि डांगात ज्याला पाठवलं त्याला दोन्ही अपुऱ्या, कारण तिथली डांगी बोली मराठी की गुजराती यावर तर पुढे दोन राज्यं भांडली. शेवटी १९६०मध्ये डांग गुजरातेत गेला. आमच्या ताप्ती व्हॅली लाइनवर नवापूर स्टेशन आहे, त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथल्या बाकावर बसलं की त्या मिशनऱ्यांची अडचण नीट कळते.

डांगातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. पूर्णा, अंबिका, खापरी एकदा भरल्या की पूल होण्याआधीच्या काळात आहवा म्हणजे बेटच. टपाल नाही, मीठ नाही, रॉकेल नाही. १८९९-१९००चा छप्पनियो दुष्काळ याच्या उलट टोकाचा. तेव्हा या मिशनने अनाथ मुलांसाठी वसतिगृहं काढली. आलेल्या माणसाने सेवा ठरवून केली की ती अंगावर येऊन पडली, हा फरक मंडळाच्या बैठकीत मला सांगायचा होता. पण तेव्हा चहा गार होत होता.

त्यांच्या घरातली सर्वात मोठी हळहळ मुलांची होती. सहा-सात वर्षांचं पोर झालं की त्याला मसुरीजवळ लँडोरच्या वुडस्टॉक शाळेत पाठवायचं, नगरकडच्या अमेरिकन मंडळींनी कोडाईकनालला. वर्षातले आठ-नऊ महिने आई-बापापासून लांब. आगगाडीला दोन-दोन दिवस लागत. त्या मुलांची पहिली भाषा आयाकडून शिकलेली मराठी किंवा गुजराती असे, आणि मोठेपणी 'मायदेशी' गेल्यावर तीच परदेशी ठरत. उधन्यातून मुंबईच्या हॉस्टेलला आले तेव्हा माझ्या मराठीत गुजराती 'ने' शिरतं म्हणून माझ्या रूमवर हसायचे. "बस ने", "जा ने". त्यामुळे त्या पोरांशी माझं आपोआप सूत जमलं.

एक गोष्ट राहिलीच, आणि ती सोडली तर माझा लेख खोटा ठरेल. गावात राहायला आलेल्या परक्याकडे संशयाने पाहिलं जातं, आणि त्याला कारणंही असतात. १९५२मध्ये विन्सेंट फेरर हा स्पॅनिश जेझुइट भारतात आला आणि मनमाडला राहिला. दुष्काळी शेतकऱ्यांना विहिरी खणायला त्याने मदत केली. लोक जमले तसा विरोधही जमला आणि १९६८मध्ये त्याला देश सोडायचा हुकूम झाला. तेव्हा मनमाडकडचे हजारो शेतकरी त्याच्यासाठी मुंबईच्या वाटेने चालत निघाले. त्याला जावंच लागलं, पण पुढच्या वर्षी परत यायची परवानगी मिळाली. मात्र महाराष्ट्रात नव्हे. तो आंध्रातल्या अनंतपूरला गेला आणि २००९मध्ये तिथेच वारला. हद्दपारी करणारेही आपलेच आणि चालत निघणारेही आपलेच. आमच्या बाजूला डांगात १९९८च्या नाताळात प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, ते मी जन्मण्याआधीचं.

गेल्या उन्हाळ्यात मी सोनगडच्या पुढे, डांगाच्या बाजूला एका गावात महिनाभर राहिले. मुलांचा वाचनवर्ग घ्यायचा होता, धर्माबिर्माचा काही संबंध नव्हता. घरापासून फार तर अडीच तासांचं अंतर. तरीही पहिल्याच दिवशी मी परदेशी होते. बरोबर पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स नेला होता. ज्या काकींकडे राहिले त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं आणि मी बाटली उघडली. त्या काही बोलल्या नाहीत. तांब्या उचलून आत नेला. पुढच्या आठवड्यात माझं पोट असं बिघडलं की दोन दिवस उठवेना; आणि ते त्यांच्या पाण्याने नाही, व्याऱ्याच्या स्टँडवर गाडीवरची भजी खाल्ली त्याने. काकींनी नागलीची पेज करून पाजली. त्या दिवसापासून मी त्यांच्या माठातलं पाणी प्यायला लागले. उरलेल्या बाटल्या मुलांनी रिकाम्या करून रोपांना पाणी घालायला नेल्या.

आंघोळीला बांबूच्या कुडाचा आडोसा, छातीएवढा. झऱ्यावरून हंडा आणताना मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा बघायला मुलं आधीच येऊन बसली होती. आणि माझ्या उघड्या बॅगेत, इस्त्रीच्या कुर्त्यांवर, त्यांच्या एका कोंबडीने अंडं घातलं. मी ओरडले. काकी धावत आल्या, अंड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आता बॅग हलवायची नाही, ती इथेच बसेल. मग उरलेले दिवस मी तीन कुर्त्यांवर काढले.

काकींची कुकणा बोली माझ्या आजीच्या अहिराणीला इतकी जवळची की बोलणं अडलं नाही. एका रात्री अंगणात बसलो असताना त्यांनी विचारलं, "तू इथे कशाला आलीस?" मी वाचनाचं, मुलांचं, संस्थेचं सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते झालं. पण आमच्याकडून तुला काय पाहिजे?"

मी सर्टिफिकेट म्हणाले नाही, पण मनात तेच आलं. फायव्हीला, मेरी स्टोव्हरना, फेररला कोणा काकींनी हे विचारलं असणारच, आणि प्रत्येकाने काहीतरी उत्तर दिलं असणार. अहमदाबादचे फादर वालेस, स्पेनचे, गुजरातीत इतकं लिहिलं की लोक त्यांना 'सवाया गुजराती' म्हणत. त्यांनी तर पोळांमधल्या घराघरांत काही काही दिवस पाहुणा म्हणून राहायला मागितलं होतं. त्यांच्याकडून लोकांना नव्हे, लोकांकडून त्यांना काय हवं होतं हे त्यांनी निदान उघड केलं. मला त्या रात्री ते जमलं नाही. १९९८विषयी विचारायचं होतं, तेही जमलं नाही. मी म्हटलं, "काकी, ती कोंबडी कधी उठेल?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, एकवीस दिवस धर.

निघताना एकवीस झाले नव्हते. बॅग तिथेच ठेवून मी पिशवीत कपडे घालून सुरतेला आले. घरी आईने पहिला प्रश्न बॅगेचाच विचारला. आठवड्याने काकींच्या मुलाने फोनवर फोटो पाठवला: माझ्या निळ्या कुर्त्यावर नऊ पिल्लं. खाली त्याने लिहिलंय, कधी येतेस?